उजवीकडची फट

मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर
शुक्रवार, दुपारचे चार (तीन वाजता मुद्दाम लिहायला बसलो नाही, कारण पुढे येईल)

तीर्थरूप भिमामामांच्या चरणी (म्हणजे तुमच्या त्या करकरणाऱ्या वहाणांपासून दोन हात लांब उभा राहून) भाचा विजयसिंह याचा वाकून नमस्कार.

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं दुधाच्या टेम्पोवाल्या सिद्धूनं सांगितलं, ऐकून बरं वाटलं. ड्रॉप वेळेवर घालत जा. पाचट पेटवलेलं असेल त्या बाजूला फिरकू नका. गुडघे कसे आहेत? बोअरची मोटार कशी चालते? घरचा भाचा रिवाइंडिंगचं दुकान टाकून बसलेला असताना मागच्या वर्षी तुम्ही ती भरायला बारामतीत दिलीत, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण आजचा विषय तो नाही. (तरी सांगतो, त्यांनी तार हलकी घातली आहे. सिद्धूनं मला मोटारीचा आवाज फोनवर ऐकवला.)

आजकाल कोण पत्र लिहितं, असं तुम्हाला वाटेल. मामा, महिन्याभरात मी तुम्हाला सतरा फोन केले. चार वेळा तुम्ही स्वतः उचललात आणि "विजू, राँग नंबर हाय" म्हणून ठेवून दिलात. राँग नंबरवाल्याला नावानं हाक मारणारा माणूस वरकुट्यात तुमच्याशिवाय दुसरा नसेल. पत्र तसं ठेवून देता येत नाही. शिवाय डोळ्यावर हिरवी पट्टी असल्यामुळे ते तुमची नात छकुली वाचून दाखवणार, हा हिशोब करूनच लिहितोय. छकुले, सावकाश वाच, कंसातलंही वाच, आणि पुढचं वाक्य ऐकून मामा उठायला लागले तर आधी दाराला कडी घाल.

विषय त्या व्हिडिओ गेमचा आहे.

घातलीस कडी? आता ऐका. आई जाऊन आज एकतीस दिवस झाले. अकरा वर्षं सख्ख्या भावाशी बोलणं नाही, आणि ते न बोलणं तसंच मागे ठेवून ती गेली, असं आपण सगळे समजतो. दहाव्याला तुम्ही नदीवर आलात, बाभळीखाली लांब उभे राहिलात. तेराव्याला मला टॉवेल-टोपी घातलीत तीही माझ्या डोक्याकडे न बघता (टोपी कानावर बसली होती). पण मामा, माझी खात्री झाली आहे की ती अजून गेलेली नाही. तिचं काहीतरी तुमच्यापाशी अडकलं आहे. ते सुटावं म्हणून हा खटाटोप आहे. शेजारच्या सिंधुबाई म्हणतात मला वारं लागलंय. सगळं वाचून तुम्हीच ठरवा.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण छकुलीला माहीत नाही म्हणून मुळापासून सांगतो. छकुले, तुझ्या जन्माच्या आधी, मी चौथीत असताना, मामांनी मला बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या हातगाडीवरून एक गेम घेऊन दिला. मुठीत मावणारा, वर राखाडी पडदा, खाली पिवळी बटणं. वरून विटा पडतात, त्या वळवून खाली फट न ठेवता रचायच्या, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, संपलं. डब्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असं छापलं होतं. मी सगळे शोधले, तो एकच होता. महिन्याभरात मला त्याचा कंटाळा आला, कारण मला सायकल हवी होती. मग तो आईनं हातात घेतला, आणि आमच्या घरात दुपारी तीन ते साडेतीन भांडी घासणं कायमचं बंद झालं.

कडब्याची गंजी रचण्यात आईचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं, हे तू ऐकलंच असशील. तिची गंजी चार पावसाळे आतून कोरडी राहायची. त्याच हातानं ती हा खेळ खेळायची. चौकोनी विटेला ती वडी म्हणायची, वाकड्या विटेला साप आणि लांब उभ्या विटेला दांडी. दांडीसाठी ती डाव्या कडेची एक उभी फट मोकळी ठेवायची, आणि दांडी आली की ती फटीत सोडून चार ओळी एकदम गायब करायची. खेळ थांबवायचं बटण दाबलं की पडद्याच्या कोपऱ्यात वाफाळत्या कपाचं चित्र लुकलुकतं, म्हणून थांबण्याला आमच्याकडे "चहा ठेवणे" म्हणतात. आईला अक्षर येत नव्हतं, पण इंग्रजी आकडे ती ह्याच यंत्रावर शिकली. एकदा मी तिला म्हणालो, रोज तेच ते करून तुला कंटाळा कसा येत नाही? पडद्यावरची नजर न काढता तिनं दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे.

"हितं भरल्याली वळ निघून जाती, विजू. घरातल्या कामाची कदी गेली का?"

पुढे एका भाऊबीजेला मामा ओवाळून घ्यायला म्हणून आले, सहज एक डाव खेळले, आणि शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशीचीही चुकली. तेव्हापासून ते यंत्र लासुर्णे ते वरकुटे असं फिरायला लागलं, दुधाच्या टेम्पोतून, स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, सोबत शेंगदाण्याची चटणी. ज्यानं वरचा, म्हणजे तोवरचा सगळ्यात मोठा आकडा मोडला त्यानं ते दुसऱ्याकडे पाठवायचं. अक्कानं भिमाला आणि भिमानं अक्काला कधी चिठ्ठी लिहिली नाही, तो आकडा हीच चिठ्ठी होती. आकडा बराच वाढून आला की तिकडे सगळं क्षेम आहे, जेमतेम वाढून आला की कुणीतरी आजारी आहे. सोळा वर्षं हे चाललं. बटणांखालचं रबर झिजलं तेव्हा मी सायकलच्या ट्यूबचं कापून बसवलं, मागचं झाकण हरवलं तेव्हा चिकटपट्टी लावली. मधल्या काळात घराघरात फोन आले, फोनमध्ये रंगीत खेळ आले. आईला मी तेही दाखवले. तिनं एक खेळून बघितला, मध्येच जाहिरात आली, मग मैत्रिणींना बोलवा म्हणाला, मग नवीन आवृत्ती घ्या म्हणाला. ती म्हणाली हा खेळ नसून पाहुणा आहे, आणि तो माझ्या हातात परत दिला. ह्या यंत्राला दोन पेन्सिल सेल पुरतात आणि ह्याच्यावर कुणाचा फोन येत नाही. (असं मी तेव्हा समजत होतो.)

खोड एकच. सेल काढले की वरचा आकडा पुसला जातो. बदलायचे झाले तर मी आधी बाहेरून दोन सेलांची तार जोडायचो आणि मगच जुने काढायचो, म्हणजे करंट एक क्षणही तुटायचा नाही.

आता पुढचं छकुलीनं हळू आवाजात वाचावं. अकरा वर्षांपूर्वी मामी बारामतीच्या दवाखान्यात होत्या. मामा, तुम्ही त्यांच्या उशाशी बसून दिवसभर ते यंत्र खेळत होतात, कारण मामींना बोलवत नव्हतं पण बघवत होतं. ओळ गेली की त्या बोट उचलायच्या. त्र्याहत्तर हजार चारशे. तेवढा आकडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मामी गेल्या. तेरावं झाल्यावर तुम्ही ते यंत्र आईकडे पाठवलंत, अक्कानं बघावं म्हणून. आईनं बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि टॉवेलात गुंडाळून देवळीत ठेवलं, खेळली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः न्यायला आलात, अंगणात उभ्यानंच चालू केलंत, आणि वरचा आकडा शून्य होता. मध्ये कधीतरी सेल निघाले होते. आई म्हणाली, दमल्यासारखे वाटले म्हणून मीच काढून उन्हात ठेवले होते. (तेव्हा रेडिओचे, बॅटरीचे सेल सगळेच उन्हात वाळवायचे, दोन दिवस जास्त चालतात म्हणून. पण ह्याचे काढायचे नसतात हे तिला सोळा वर्षं माहीत होतं.) तुम्ही एवढंच बोललात:

"अक्का, ती माझ्या शेजारी बसून बघत हुती."

पाणीही न पिता तुम्ही गेलात. आईनं यंत्र ट्रंकेत टाकलं आणि पुन्हा कधी हातात घेतलं नाही. दुपारी तीनला ती भांडी घासायला लागली.

आता दहाव्याची गोष्ट. तुम्ही लांब होतात म्हणून तुम्हाला बाभळीवरचे कावळे दिसले असतील, पण पिंडापाशी काय चाललं होतं ते दिसलं नसेल. दीड तास एकही कावळा खाली आला नाही. मी हात जोडून म्हणालो, म्हैस विकणार नाही. नाही आला. घराला रंग देईन म्हणालो. नाही आला. कुणीतरी म्हणालं आवडीचं ठेवा, म्हणून चहा-खारी ठेवली, मिसरीची डबी ठेवली. सिंधुबाईंनी तर पुढे होऊन आईच्या नावानं, साखरबाई, तुमची कढई माझ्याकडेच आहे, उद्या देते, असंही सगळ्यांसमक्ष कबूल केलं (अजून दिलेली नाही). कावळे नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं, नदीवरचं वारं पडलं, आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा स्वरूपानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पिशवीतून ते यंत्र काढलं आणि भाताशेजारी ठेवलं. मी मनातल्या मनात एक वाक्य म्हणालो. ते काय, ते इथं लिहीत नाही.

एक कावळा उतरला. भाताकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. चालत यंत्रापाशी गेला, मान तिरकी केली आणि चोच मारली. यंत्र वाजलं. ती सुरुवातीची धून, अकरा वर्षांनी, नदीच्या काठावर, उन्हात. कावळा घाबरून उडायला हवा होता, पण तो धून संपेपर्यंत उभा राहिला आणि मग भाताला शिवला. गुरुजींनीही हात जोडले. घरी येऊन मी मागची चिकटपट्टी काढली, तर मामा, आत सेल नव्हते. दोन्ही खोबणी रिकाम्या होत्या. मी मोटारी भरणारा माणूस, करंट कुठून येतो ते मला कळतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भीतीनं म्हणा नाहीतर आणखी कशानं, मी नवे सेल घातले आणि यंत्र आईच्या फोटोपाशी ठेवलं. तेराव्यानंतरच्या पहिल्या दुपारी लाईट गेलेली, पंखा बंद, सगळं गाव झोपलेलं, कॅनॉलचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. बरोबर तीनला धून वाजली. मी उंबऱ्यात होतो. बटणं आपोआप आत जात होती आणि बाहेर येत होती. घाई नव्हती, आई खेळायची तशीच, साप आला की जरा थांबून. खोलीत मिसरीचा वास आला. तिची बाज करकरली. कुत्रं उठून भुंकेल म्हणून मी बघतोय, तर ते दारात येऊन शेपूट हलवून पुन्हा बसलं. साडेतीनला कपाचं चित्र आलं आणि सगळं थांबलं. आकडा होता सहा हजार दोनशे.

दुसऱ्या दिवशी तोच डाव पुढे सुरू. मी यंत्र दुकानातल्या लोखंडी कपाटात तांब्याच्या तारेच्या रिळांमागे ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली. तीनला कपाटातून धून आली, आणि मोटार घ्यायला आलेला एक शेतकरी मोटार न घेताच गेला. तिसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात ठेवलं; पीठ थरथरत होतं. चौथ्या दिवशी म्हटलं लासुर्णेच सोडू. बेअरिंग आणायच्या निमित्तानं यंत्र शर्टाच्या वरच्या खिशात घालून बारामतीला गेलो. भर बाजारात, दुकानाच्या काउंटरपाशी, तीनला माझ्या छातीवर धून सुरू झाली. दुकानदार म्हणाला, साहेब, तुमचा फोन. माझ्या तोंडून निघून गेलं, आईचा आहे. तो म्हणाला, मग उचला की. मी खिशावर हात ठेवून अर्धा तास तसाच उभा राहिलो. शर्टाच्या आत दोन अंगठे चालत होते, मामा. लहानपणी ताप आला की आई छातीला तेल लावायची, तेच अंगठे. मला भीती वाटत होती आणि तिथून हलवतही नव्हतं. त्या दिवसानंतर मी यंत्र लपवायचं सोडून दिलं.

लोणी भापकरला एक जाणता माणूस आहे म्हणून तिकडेही नेऊन आणलं. त्यानं लिंबू कापलं, अंगारा काढला, आणि तीन वाजता धून सुरू झाल्यावर हनुवटीखाली हात घेऊन बघत बसला. साडेतीनला म्हणाला, ही बाई लई हुशार हाय, हिला उतरवायची न्हाय, हिच्याकडनं शिकायचं. वर असलं दुसरं यंत्र कुठं मिळेल म्हणून विचारलं. अंगारा द्यायचं विसरला.

आकडा रोज चढत गेला. वीस हजार, एकतीस हजार, बावन्न हजार. तुम्ही म्हणाल विजूच खेळत असेल. मामा, माझा जन्मातला मोठा आकडा चार हजार शंभर आहे, आणि त्यावर तुम्ही किती हसला होतात ते तुम्हाला आठवत असेल. गेल्या सोमवारी साडेतीनला कपाचं चित्र आलं तेव्हा आकडा होता त्र्याहत्तर हजार चारशे.

मंगळवारी धून वाजली नाही. बुधवारी नाही. काल नाही. आज मी तीनला समोर बसून होतो, नाही. तुमच्यापुढे ती एका ओळीनंही गेलेली नाही. आणि आता मुख्य. मी पडदा नीट बघितला. खालच्या ओळी भरलेल्या आहेत, बारीकशीही खोट नाही, फक्त एक उभी फट मोकळी आहे, आणि ती डावीकडे नाही. उजवीकडे आहे. आईनं सोळा वर्षांत उजवीकडे फट ठेवल्याचं मी बघितलेलं नाही. उजवीकडे फट कोण ठेवतं ते छकुली तुम्हाला विचारेल, तिला सांगा. वर पुढच्या विटेचा चौकोन आहे, त्यात दांडी आहे.

अडचण एवढीच की सेल उतरायला लागले आहेत. पडदा रोज थोडा पुसट होतोय. दोन तालुक्यांच्या मोटारी भरणारा विजयसिंह दोन पेन्सिल सेल बदलू शकत नाही म्हणून स्वरूपा हसते. बाहेरून तार जोडायला मला पाच मिनिटं लागतील. पण त्या सेलांना हात लावायची माझी हिंमत होत नाही. का, ते विचारू नका.

एवढं कळवून थांबतो. तब्येतीला जपा. चुकीचं काही लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला, आणि पोटात मावत नसेल तर निदान राँग नंबर म्हणू नका.

आपला भाचा,
विजयसिंह

ता. क. १: छकुले, तुझं काम झालं. आता पत्र मामांच्या हातात दे आणि बाहेर जा. मामा, उजव्या डोळ्यानं बघा. अक्षर मोठं काढलंय.

सेल मी काढले होते. आईनं नाही. तुम्ही आलात त्याच्या आदल्या संध्याकाळी क्रिकेटचा अंतिम सामना होता, टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले, दुकान बंद होतं. देवळीत टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र दिसलं. तार जोडायला पाच मिनिटं लागली असती, आणि एक षटक गेलं असतं. मी सव्वीस वर्षांचा होतो, लहान होतो असंही म्हणता येत नाही. सकाळी सेल परत घातले आणि आकडा बघितला. शून्य. आई मागेच उभी होती. तुमची गाडी दारात लागल्याचा आवाज आला तसा मी सांगायला पुढे झालो. तिनं माझं मनगट धरलं.

"तू गप ऱ्हा. माझ्यावर चार दिस रुसल, मग यील. तुझ्यावर जलमभर रुसल."

चार दिवसांची अकरा वर्षं झाली. दर वर्षी म्हणायचो, ह्या भाऊबीजेला सांगतो. ती दर भाऊबीजेला ताट करून ठेवायची आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळून निरांजन विझवायची. मी बघत होतो आणि गप्प होतो. मामींची आठवण मी पुसली, आणि आईकडून तिचा भाऊ मी घेतला. नदीवर मी मनात म्हणालो होतो: आई, मामाला मी सांगतो. तेव्हा कावळा उतरला.

आता माझ्याशी बोला किंवा बोलू नका. पण अक्काशी बोला.

ता. क. २: वरचं लिहून झाल्यावर स्वरूपाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नदीवर नेताना तिनंच यंत्रात सेल घातले होते, आणि घरी आल्या आल्या काढून भिंतीवरच्या घड्याळात टाकले, कारण घड्याळ बंद पडलं होतं आणि पाहुण्यांना एसटी गाठायची होती. म्हणजे तो चमत्कार एवढाच होता. आमच्या घरात सेल कुठून कुठं जातील सांगता येत नाही. मी म्हणालो, मग रोज तीनला खेळत होतीस तीही तूच का? तर म्हणाली, "मला चारशेच्या पुढं जाता येत न्हाय. मी नुसती आत्यांजवळ बसत हुते." तिला भीती वाटली नाही का, असं विचारलं तर म्हणाली, सासू हयात असताना वाटायची.

ता. क. ३: सोमवार. पत्र टाकायचं राहिलं, कारण मला उगीच वाटत होतं की लिहिलं म्हणजे सांगितलं. पण शुक्रवारी वरची कबुली लिहून कागद फोटोपाशी ठेवला, आणि शनिवारी तीनला यंत्र एकदाच टिक करून वाजलं. कप गेला. दांडी पडद्यावर आली आणि एक घर खाली उतरून थांबली. काल तीनला आणखी एक घर. आज मी मोजलं: रोज एकच घर, बरोबर तीनला. अजून नऊ उरली आहेत, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत. सेल तोवर टिकतील असं वाटतं, पडदा गेल्या दोन दिवसांत थोडा गडदच झाला आहे (हे मोटारवाल्याला पटत नाही, पण दिसतंय ते लिहितो).

पत्र सिद्धूच्या टेम्पोतून पाठवतोय, जुन्याच डब्यात, सोबत चटणी आहे. स्वरूपानं केली आहे, आईइतकी तिखट नाही. यंत्र पाठवत नाही, ते हलवायचा मला धीर नाही. पडद्यावरचा चहा संपला, आता घरचा घ्यायला या. स्वरूपा तीनच्या आधी ठेवेल.

दांडी मधोमध उतरते आहे, मामा. अशीच खाली टेकली तर फट तशीच राहील. मी तिला हात लावणार नाही. तिला उजवीकडे सरकवायला तुमचाच अंगठा लागतो.